युरियापासून प्रकाश-उत्प्रेरक : रत्नागिरीतल्या गच्चीवरच्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४

दिवाळीची सुट्टी संपली, पाऊस गेला, आता मेपर्यंत ऊन आपलं. एम.एस्सी.च्या दोन विद्यार्थ्यांना घेऊन या हंगामात ग्राफिटिक कार्बन नायट्राइड हा प्रकाश-उत्प्रेरक, म्हणजे उजेड घेऊन पाण्यातले सेंद्रिय पदार्थ मोडणारा पदार्थ, बनवायचा आणि उन्हात तपासायचा असं ठरलं. फिकट पिवळी पावडर, निव्वळ युरिया तापवून होते, महागडं रसायन लागत नाही. आमच्याकडे जुनी मफल फर्नेस (विजेची बंद भट्टी), ६६० नॅनोमीटरच्या फिल्टरचा कलरीमीटर (द्रावणाचा रंग किती दाट ते मोजणारा), छोटा सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून पावडर तळाला बसवणारा) आणि मोकळी गच्ची आहे. स्पेक्ट्रोफोटोमीटर दुसऱ्या कॉलेजात, तिथे आधी विचारून जायचं. एवढ्या सामानावर हे काम नीट होतं का, ते लिहून ठेवते आहे, म्हणजे खेड-चिपळूण किंवा कणकवलीच्या कॉलेजात कोणी सुरू करेल त्याचा वेळ वाचेल.

माझं स्वतःचं संशोधन टायटानियावर, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडवर झालं. १९७२ साली फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटानियाच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश पाडून पाण्याचं विघटन दाखवलं आणि हा विषय उभा राहिला. पण अ‍ॅनाटेस टायटानियाला (हा त्याचा एक स्फटिक-प्रकार) काम करायला ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टची प्रकाश-ऊर्जा लागते, म्हणजे ३८७ नॅनोमीटरच्या अलीकडचाच प्रकाश उपयोगी. जमिनीवर पोचणाऱ्या उन्हात अतिनील भाग चार-पाच टक्केच. २००१ मध्ये असाही या जपानी संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी त्यात नायट्रोजन मिसळून दृश्य प्रकाशावर काम दाखवलं. आमची पिढी त्याच वाटेनं गेली, आणि माझी बरीच वर्षं पांढऱ्या पावडरीला पिवळी करण्यात गेली. २००९ मध्ये कार्बन नायट्राइड दृश्य प्रकाशात पाण्यापासून हायड्रोजन काढतं हे प्रसिद्ध झालं तेव्हा मी ते पुन्हा पुन्हा वाचलं होतं. २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे ४६० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश चालतो, आणि धातू मुळीच नाही. मूळ पदार्थ तर १८३४ पासून लीबिगच्या 'मेलॉन'च्या रूपानं रसायनशास्त्रात आहे. ते काम स्वतःच्या हातानं करायचं राहून गेलं होतं.

मुलांनी काळबादेवीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूबद्दल विचारलं. तिच्यात इल्मेनाइट आहे, म्हणजे लोह आणि टायटॅनियमचं ऑक्साइड, तेव्हा तिथूनच टायटानिया का काढू नये? प्रश्न चांगला आहे. पण किनाऱ्याच्या वाळूतलं हे खनिज अणुखनिजांच्या यादीत मोडतं, परवानगीशिवाय उचलायचं नाही. शिवाय ते फोडायला तीव्र सल्फ्युरिक आम्ल लागतं आणि मागे लोहाचं ढीगभर सल्फेट उरतं. आपल्या लॅबचं ते काम नव्हे.

२२ नोव्हेंबर

पहिली भट्टी. २० ग्रॅम युरिया, पोर्सेलीनची क्रुसिबल (भट्टीत तापवायची वाटी), वर झाकण, ५५० अंश. आमच्या भट्टीला प्रोग्रॅम नाही, त्यामुळे दर दहा मिनिटांनी काटा ५० अंश पुढे सरकवत नेला. युरिया १३३ अंशाला वितळतो आणि मग दूध उतू जावं तसा वर येतो. झाकण उचललं गेलं, कडेनं ओघळून भट्टीच्या तळाला चिकटला. क्रुसिबलमध्ये शेवटी फक्त पिवळट डाग राहिला.

दोन गोष्टी कळल्या. क्रुसिबल निम्म्यापेक्षा कमी भरायची. आणि झाकण घट्ट हवं, कारण वाफा आत कोंडून राहिल्या तरच त्या एकमेकींशी जोडून घन पदार्थ होतो, नाहीतर सगळं उडून जातं. आता झाकणासकट क्रुसिबलला अ‍ॅल्युमिनियम फॉइलचे दोन-तीन वेढे देतो. फॉइल ६६० अंशापर्यंत वितळत नाही, म्हणून चालतं.

धुराचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. अमोनियाबरोबर आयसोसायनिक आम्लही निघतं. भट्टी फ्यूम हूडखाली नसेल तर खिडकीशी न्या, एक्झॉस्ट चालू ठेवा आणि भट्टी तापत असेपर्यंत खोलीत कोणी बसू नका.

२९ नोव्हेंबर

पावडर मिळाली. २० ग्रॅम युरियामागे एक ग्रॅमसुद्धा नाही, पण हलकी, मऊ, फिकट पिवळी. मेलामाइन वापरलं तर निम्म्याच्या आसपास वजन हाती लागतं हे खरं, पण ती पावडर घट्ट होते आणि तिचं पृष्ठफळ बरंच कमी भरतं. आम्हाला पृष्ठफळ हवं आहे, म्हणून युरियाच.

एका विद्यार्थ्याच्या घरी आंब्याची बाग आहे. त्यानं खताच्या गोणीतला युरिया आणू का विचारलं. नको. २०१५ पासून आपला सगळा खताचा युरिया कडुनिंबाच्या तेलाचं आवरण घेऊन येतो, ते तेल जळून पावडर मळकी होईल. शिवाय तो अनुदानाचा माल शेतीसाठीच आहे. लॅबचा युरिया किलोमागे काही शे रुपयांना येतो आणि हंगामभर पुरतो. इथल्या हवेत तो बाटलीतच दगड होतो, म्हणून वापरण्याआधी ८० अंशांना वाळवून घ्यायचा.

५ डिसेंबर

५५० अंशांवर दोन तास धरायचं होतं, पण मधेच लाईट गेली. लॅबचे काका म्हणाले, "मॅडम, भट्टी उघडू नका, पोटात काय ते होऊ दे." लाईट आली तेव्हा भट्टी बरीच निवली होती. निघालेली पावडर पिवळी नाही, सायीच्या रंगाची. गरम पाण्यात धुतली तर वजनाचा मोठा भाग विरघळून गेला, म्हणजे साखळ्या पुऱ्या जोडल्याच गेल्या नव्हत्या. उरलेली पुन्हा झाकून ५५० ला तापवली, रंग आला. तरी या घाण्याची पावडर वेगळ्या बाटलीत ठेवली आहे, चांगल्या घाण्यात मिसळलेली नाही. ६०० च्या वर नेऊन वेळ वाचवू असं कोणाला वाटेल, तर तिथून हा पदार्थ मोडायला लागतो आणि ७०० ला काही शिल्लक राहत नाही.

१२ डिसेंबर

धुलाई. आधी सौम्य नायट्रिक आम्ल, मग गरम पाणी, लिटमस बदलेनासा होईपर्यंत. नंतर ८० अंशांना रात्रभर, आणि खलात बारीक. साधा फिल्टर पेपर निरुपयोगी, पावडर सरळ आरपार जाते. सेंट्रिफ्यूजच बरा.

१९ डिसेंबर

नमुना एक्स-रे डिफ्रॅक्शनसाठी (पदार्थातल्या अणूंची मांडणी दाखवणारी चाचणी) कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात पाठवला होता, तो आलेख आला. २७.४ अंशांना ठळक शिखर, थरावर थर बसल्याची खूण, आणि १३ अंशांपाशी बुटकं शिखर. हेच हवं होतं. लाईट गेलेल्या घाण्याचा नमुनाही मुद्दाम पाठवला होता. त्यात मोठं शिखर पसरट आहे आणि लहान जवळपास नाहीच. कच्चा माल डोळ्यांना ओळखू येतो, तो यंत्रालाही ओळखता आला याचं मुलांना फार समाधान वाटलं. मलाही.

७ जानेवारी २०२५

पहिली उन्हातली चाचणी. मिथिलीन ब्लू हा निळा रंग लिटरला १० मिलिग्रॅम, १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम पावडर, गच्चीवर सकाळी ११ ते २. सकाळचे मतलई वारे थांबेपर्यंत स्टरर लावून उपयोग नाही, बीकरमध्ये धूळ येते.

रंग झरझर गेला. मुलं फोटो काढायला लागली. पण शेजारी पावडर न घातलेला बीकर ठेवायला सांगितलं होतं, आणि दुपारपर्यंत तोही चांगलाच फिकट झाला. मिथिलीन ब्लू स्वतःच दृश्य प्रकाश शोषतं, ६६४ नॅनोमीटरला तर सर्वात जास्त. उन्हात ते आपणहून मोडतं. तिसरा बीकर, पावडर घातलेला पण काळ्या कागदात गुंडाळून अंधारात ठेवलेला, त्यातलाही रंग थोडा कमी झाला, कारण काही रंग पावडरीला नुसता चिकटतो.

म्हणजे एकट्या पहिल्या बीकरचा आकडा दाखवला असता तर त्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असत्या आणि उत्प्रेरकाचं काम त्यातली एकच. आजपासून प्रत्येक चाचणीला हे तिन्ही बीकर एकाच वेळी, एकाच उन्हात. इथलं ऊन रोज सारखं नसतं, जानेवारीतही समुद्राकडून धुरकट पडदा येतो. कालचा उत्प्रेरक आणि आजचा कोरा बीकर यांची तुलना करून काहीच कळत नाही.

१४ जानेवारी

विचित्र आकडे. रंग गेलेला दिसतो, कलरीमीटर मात्र निम्माच गेला म्हणतो. कारण पाण्यात तरंगणारी पावडर. ती प्रकाश विखुरते आणि कलरीमीटर तो शोषलेला समजून दाखवतो. सिरिंज फिल्टर आणले, त्यावर हजाराच्या आतबाहेर खर्च झाला. तर दुसऱ्या टोकाची गंमत झाली. नायलॉनच्या फिल्टरमधून गाळलेला कोरा रंगसुद्धा फिकट येतो, कारण मिथिलीन ब्लू पडद्यालाच धरून बसतं. फिल्टरची पांढरी चकती निळी झालेली डोळ्यांनी दिसते.

सध्याची रीत अशी : जास्त वेळ सेंट्रिफ्यूज, वरचं पाणी अलगद काढायचं, पुन्हा सेंट्रिफ्यूज. स्पेक्ट्रोफोटोमीटर मिळेल त्या दिवशी ८०० नॅनोमीटरलाही वाचन घ्यायचं. तिथे हा रंग शोषत नाही, त्यामुळे तिथे काही दिसलं तर तो गढूळपणा.

आणखी एक. उन्हात बीकर तापतो, पाणी उडतं, उरलेला रंग दाट होतो. साध्या खिडकीच्या काचेनं झाकलं तर ती अतिनीलचा काही भाग अडवते आणि कोऱ्या बीकरशी तुलना बिघडते. आम्ही बोरोसिलिकेटच्या बशा ठेवतो, बाहेरून पातळीची खूण करतो आणि वाचनाआधी डिस्टिल्ड वॉटरनं खुणेपर्यंत भरतो.

३० जानेवारी

पावडर दर वेळी वेगळी करण्याचा वैताग टाळावा म्हणून ती मंगलोरी कौलाच्या तुकड्यांवर बसवून पाहिली. कल्पना छान वाटली होती. रंग गेलाही. मग नुसत्या कौलाचा तुकडा टाकून पाहिला, तरीही गेला. भाजलेली माती रंग पिऊन टाकते. तुकडा फोडला तर आत निळी रेघ. शिवाय दोन दिवसांत पावडर सुटून तळाला आली. हा रस्ता बंद.

११ फेब्रुवारी

या नोंदीसाठी जास्त जागा घेते.

मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळी धुतलेलं पाणी पाहिल्यावर विद्यार्थिनीला वाटलं की तसलं पाणी वापरून बघावं. घरून बांगडा धुतलेलं पाणी आणलं, गाळलं, त्यात मिथिलीन ब्लू घातलं आणि पावडर. बाटली काठोकाठ भरून, बूच लावून उन्हात. अर्ध्या तासात बाटली स्वच्छ. इतका वेग डिस्टिल्ड वॉटरमध्ये कधी आला नव्हता.

संध्याकाळी तिनं बूच काढून, थोडं पाणी ओतून, बाटली हलवली. निळा रंग परत आला.

रंग मोडलाच नव्हता. मासळीच्या पाण्यात अमाइन आणि इतर सेंद्रिय पदार्थ भरपूर असतात, ते उजेडात इलेक्ट्रॉन देतात, आणि मिथिलीन ब्लूचं रंगहीन ल्युको रूप होतं. बाटलीत हवा नव्हती, म्हणून ते तसंच टिकलं. हवा मिळताच प्राणवायूनं त्याला पुन्हा निळं केलं. ती सरळ माझ्याकडे येऊन म्हणाली, "मॅडम, मग आधीच्या सगळ्या चाचण्यांचं काय?" हा प्रश्न तिला स्वतःहून पडला, याहून मोठं काही मी तिला शिकवू शकले नसते. आधीच्या चाचण्या उघड्या बीकरमध्ये, सतत ढवळत झाल्या होत्या, तिथे हवा होती. तरी राखून ठेवलेले सगळे नमुने हलवून पाहिले. रंग परत आला नाही.

पण मिथिलीन ब्लूवरचा माझा विश्वास मात्र संपला. दृश्य प्रकाशाचा उत्प्रेरक दृश्य प्रकाश शोषणाऱ्या रंगावर तपासायचा हेच मुळात चुकीचं आहे. जगभर तो वापरतात कारण तो स्वस्त आहे आणि डोळ्यांना दिसतो. उजेडात ज्याला काही होत नाही असा रंगहीन पदार्थ हवा.

२० फेब्रुवारी

सॅलिसिलिक आम्ल. दृश्य प्रकाश शोषत नाही, फिनॉलपेक्षा हाताळायला पुष्कळ सुरक्षित, आणि फेरिक क्लोराइड घातलं की जांभळा रंग येतो. बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकातलीच कसोटी, ती कलरीमीटरवर ५३० च्या आसपासच्या फिल्टरनं मोजता येते. लिटरला ५० मिलिग्रॅम घेतलं. ठरावीक वेळानं नमुना काढायचा, पावडर पूर्ण काढून टाकायची, मगच फेरिक क्लोराइड. माहीत प्रमाणांच्या द्रावणांवरून काढलेली प्रमाणित रेषा सरळ आली.

कोरा बीकर : उन्हात दुपारभर, फरक नाही. अंधारातला बीकर : सुरुवातीला किंचित घट, मग स्थिर. पावडर आणि ऊन : हळूहळू पण सतत घट. मिथिलीन ब्लूच्या वेगाशी तुलना केली तर हे फारच मंद आहे, फोटो काढण्यासारखं नाही. पण या हंगामातला हा पहिला आकडा ज्यावर मी सही करेन.

एक मर्यादा लक्षात ठेवा. सॅलिसिलिक आम्लाला एक हायड्रॉक्सिल गट जोडला गेला की होणारे पदार्थही लोहाबरोबर रंग देतात. म्हणून जांभळा रंग कमी झाला म्हणजे सगळ्याचा कार्बन डायऑक्साइड झाला असं नव्हे. सुरुवातीच्या आणि शेवटच्या नमुन्याचा सीओडी, म्हणजे त्यातले सेंद्रिय पदार्थ पुरते मोडायला लागणारा प्राणवायू, डायक्रोमेटनं काढायचा. तो आमच्याकडे जांभळ्या रंगाच्या मानानं कमीच घटला.

१८ मार्च

पाणी बदलून पाहिलं. सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या पठारावरच्या विहिरीचं, भाट्ये खाडीकाठच्या एका विहिरीचं आणि मांडवीवरचं समुद्राचं. सड्यावरचं पाणी जांभ्यातून झिरपलेलं, क्षार नाममात्र, डिस्टिल्ड वॉटरच्या जवळपास काम झालं. खाडीकाठची विहीर आत्ताच मचूळ लागते, सिल्व्हर नायट्रेटच्या टायट्रेशनला क्लोराइड भरपूर दाखवते. तिथे वेग स्पष्ट कमी. समुद्राच्या पाण्यात, ज्यात लिटरमागे १९ ग्रॅमच्या आसपास क्लोराइड असतं, प्रक्रिया जवळजवळ थांबली.

मुलांनी पुस्तकातलं उत्तर दिलं, क्लोराइड हायड्रॉक्सिल मूलकं (पाण्यापासून होणारे, सेंद्रिय पदार्थ मोडणारे अतिक्रियाशील कण) खातं. टायटानियासाठी ते उत्तर मीही वर्षानुवर्षं दिलं. पण कार्बन नायट्राइडचा संयुजा पट्टा (उजेड जिथून इलेक्ट्रॉन उचलतो ती ऊर्जापातळी) इतका खोल नाही की त्याची धन-विवरं, म्हणजे इलेक्ट्रॉन गेल्यावर उरलेल्या रिकाम्या जागा, पाण्यापासून थेट हायड्रॉक्सिल मूलकं करतील किंवा क्लोराइडचं ऑक्सिडेशन करतील. इथे बरंचसं काम सुपरऑक्साइड (इलेक्ट्रॉन मिळालेला प्राणवायू) आणि विवरं करतात. मग मंदावलं का?

२५ मार्च

तपासायला सोपी चाचणी केली. एका बीकरमध्ये मीठ, दुसऱ्यात सोडियम सल्फेट, दोन्हीत आयनांची तीव्रता सारखी. क्लोराइड हेच कारण असतं तर सल्फेटचा बीकर चालायला हवा होता. दोन्ही जवळपास सारखेच मंदावले. आणि दोन्हीत एकच गोष्ट दिसली : पावडर गोळा होऊन तळाला बसते. तिच्या कणांवरचा थोडासा ऋणभार त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो, क्षार तो झाकतात, कण चिकटतात, उजेडाला तोंड देणारं पृष्ठफळ घटतं. स्टरर जोरात लावल्यावर वेग काही प्रमाणात परत आला, पूर्ण नाही. उरलेल्याचं कारण अजून हाती नाही.

याच गोष्टीनं पावडर वेगळी करण्याचा जानेवारीपासूनचा प्रश्न सोडवला. प्रक्रिया संपल्यावर बीकरमध्ये चमचाभर मीठ टाकायचं आणि झाकून ठेवायचं. पावडर खाली, पाणी वर नितळ. सेंट्रिफ्यूजचा वेळ निम्म्याहून कमी झाला, पावडर परत मिळते, डिस्टिल्ड वॉटरनं धुतली की पुन्हा पाण्यात पसरते. मात्र सीओडीचा नमुना मीठ टाकण्याआधी काढून ठेवा. क्लोराइड त्या मोजणीत घुसतं, आणि ते अडवायला मर्क्युरिक सल्फेट लागतं. पाऱ्याचा तो कचरा वेगळ्या बाटलीत, सिंकमध्ये कधीही नाही.

२२ एप्रिल

तीच पावडर धुऊन पुन्हा वापरतो आहोत. काम करते, थोडं कमी. कमी होण्याचा मोठा भाग धुताना वाया जाणाऱ्या पावडरीचा आहे, म्हणून दर वेळी वाळवून वजन करायचं आणि पाणी त्या प्रमाणात कमी घ्यायचं. हे केल्यावर घट बरीच लहान दिसते.

२१ मे

आगोट लवकर आली. कालपासून मुसळधार, गच्चीवर पाणी. मासळीच्या पाण्यावर सॅलिसिलिक आम्लाच्या रीतीनं करायच्या चाचण्या राहिल्या.

२८ मे

मान्सून २५ तारखेलाच महाराष्ट्रात पोचला, देवगडपर्यंत. ऊन आता ऑक्टोबरपर्यंत विसरायचं. ४०५ नॅनोमीटरच्या एलईडीची पट्टी मागवली आहे. ४५० ची निळी पट्टी स्वस्त मिळते, पण आमची पावडर तिथे जेमतेम शोषते, पैसे वाया जातील. पट्टी खोक्याच्या आतल्या बाजूला, आतून फॉइल, बाजूला छोटा पंखा, नाहीतर बीकर तापतो. काकांनी खोकं सागाच्या जुन्या कपाटाच्या फळ्यांचं करून दिलं आहे.

१७ जून

एलईडीखाली पहिली चाचणी. प्रकाश सारखा, त्यामुळे सकाळचं आणि दुपारचं वाचन प्रथमच एका रेषेत बसलं. कोरा बीकर सपाट. अंधारातला सपाट. उत्प्रेरकाचा खाली उतरतो आहे, गच्चीपेक्षा हळू.

विद्यार्थिनी पुढच्या आठवड्यात बांगड्याचं पाणी घेऊन येते आहे. बाटली अर्धी रिकामी ठेवायची, बूच सैल, आणि शेवटी हलवून पाहायचं.